पेन क्लिनिकची पायरी चढण्याआधी

नागपूरच्या धंतोलीत किंवा रामदासपेठेत कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर थोडा वेळ बसा. एक्स-रेच्या पाकिटांनी फुगलेली कापडी पिशवी मांडीवर घेतलेलं कुणीतरी शेजारी असतंच. पिशवीत हाडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी असते, न्यूरोवाल्यांची असते, दोन एमआरआय असतात, फिजिओथेरपीच्या पावत्या असतात आणि तळाशी अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. हाडवाल्यांनी हाड पाहिलं, नसवाल्यांनी नस पाहिली. एकाने सांगितलं ऑपरेशनची गरज नाही, दुसऱ्याने सांगितलं रिपोर्टमध्ये विशेष काही नाही. दोघेही खोटं बोलले नाहीत. कंबर मात्र दुखूनच राहिली आहे.

पेन क्लिनिक असतं ते या पिशवीसाठी. अलीकडे नागपुरात अशा क्लिनिकच्या पाट्या वाढल्या आहेत आणि ते चांगलंच आहे. अडचण एवढीच की तिथे जाणारा माणूस बहुधा एकच अपेक्षा घेऊन जातो: एक सुई टोचा आणि सोडवा. ही अपेक्षा घेऊन गेलात तर इंजेक्शन मिळेल, आणि काही आठवड्यांनी पिशवीत आणखी एका पावतीची भर पडेल. पैसे आणि फेऱ्या वसूल व्हायच्या असतील तर आधी थोडी तयारी करावी लागते.

पेन क्लिनिकची कल्पना मुळात एका कुस्तीगिराची आहे. जॉन बोनिका हे इटलीत जन्मलेले अमेरिकी भूलतज्ज्ञ. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवायला ते आखाड्यात उतरत, आणि त्या कुस्त्यांनी मोडलेलं शरीर त्यांना जन्मभर दुखत राहिलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात जखमी सैनिक पाहताना त्यांच्या ध्यानात आलं की अवघड दुखण्याचा उलगडा एकट्या डॉक्टरला होत नाही, पण वेगवेगळ्या शाखांचे लोक एकत्र बसून त्याच रुग्णावर बोलले की होतो. १९५३ मध्ये त्यांनी वेदनेच्या उपचारावर जाडजूड ग्रंथ लिहिला, पुढे सिएटलच्या विद्यापीठात बहुशाखीय क्लिनिक उभं केलं. तेव्हा पाटी काहीही असो, तुम्ही गेलात त्या ठिकाणी अनेक शाखांचे लोक तुमच्याविषयी एकमेकांशी बोलतात का, हे पाहायचं. एका छपराखाली चार खोल्या असणं म्हणजे बहुशाखीय नव्हे.

जाण्याआधी आपलं दुखणं नवं की जुनं हे ठरवा. हाड मोडलं, टाके पडले, कंबरेत उसण भरली, ही तीव्र वेदना. तिला कारण असतं, ते बरं झालं की तीही ओसरते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेली किंवा पुन्हा पुन्हा येत राहिलेली वेदना मात्र जुनाट धरतात. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात जुनाट वेदनेला स्वतःचं स्थान मिळालं आहे. जुनाट दुखण्यात अनेकदा मूळ इजा भरून आलेली असते, तरी मज्जारज्जू आणि मेंदू धोक्याचा संदेश पाठवतच राहतात. सिमेंट रोडचं काम संपून महिने झाले तरी ठेकेदाराने बॅरिकेड हलवलेलं नसावं आणि वाहतूक वळसे घालत राहावी, तसं. रस्ता पुन्हा खोदून उपयोग नसतो, बॅरिकेड हलवावं लागतं, आणि ते एका सुईने हलत नाही.

काही दुखण्यांसाठी मात्र पेन क्लिनिकची अपॉइंटमेंट घेत बसू नका. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. तासांचा फरक पडतो. ताप, घटतं वजन, आडवं पडल्यावरही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तर आधी मणक्याचा टीबी आणि गाठ नाही ना, हे तपासून घ्यायचं. आणि चाळिशीच्या आतल्या मुलाची पाठ सकाळी अर्धा-पाऊण तास आखडत असेल, हालचालीने सुटत आणि आरामाने वाढत असेल, तर त्याला संधिवाततज्ज्ञाकडे न्या. अशी मुलं वर्षानुवर्षं 'बसून काम करतोस म्हणून' एवढ्यावर घरी पाठवली जातात.

आता एमआरआय. लोक रिपोर्टमधला 'डिस्क बल्ज' हा शब्द निकालपत्रासारखा मनावर घेतात. २०१५ मध्ये पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या एकत्र मांडल्या गेल्या. विशीतल्या ३० टक्के लोकांत मणक्यांमधली गादी (डिस्क) फुगलेली दिसली, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. म्हणजे केस पिकावेत तशी ही गोष्ट अनेकांत वयाबरोबर येते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. रिपोर्टवर बोट ठेवून 'हे बघा, इथेच आहे' म्हणणाऱ्या डॉक्टरने आधी तुम्हाला चालायला लावलं का, पाय उचलून पाहिला का, बोटांतली ताकद तपासली का, हे आठवा. हात न लावता थेट पॅकेज सांगितलं गेलं असेल तर उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायलीपेक्षा जास्त उपयोगी पडतो तो एक कागद. पंधरा दिवस रोज रात्री चार ओळी लिहायच्या. एखाद्या गृहिणीची नोंद अशी असू शकेल: 'मंगळवार. उठताना दहापैकी ४, दहा मिनिटांत अंग मोकळं. पोळ्या करताना पंधरा मिनिटं उभी राहिले, डाव्या पायात कळ ७ वर. स्टुलावर बसले, पाच मिनिटांत गेली. बर्डीला चालत गेले, तीनदा थांबावं लागलं. दुकानात वाकून, काउंटरला टेकून बरं वाटलं. रात्री एक गोळी, ११ ते ४ झोप.' जाणता डॉक्टर यातून बरंच वाचतो. सकाळचा आखडलेपणा थोडा, म्हणजे सुजेचा संधिवात असण्याची शक्यता कमी. उभं राहिल्याने आणि चालल्याने वाढतं, बसल्याने आणि वाकल्याने कमी होतं, म्हणजे मणक्यातली नळी अरुंद झाल्याचा संशय. 'खूप दुखतं जी' यातून यातलं काहीच कळत नाही.

त्याच कागदाच्या मागे सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी लिहा. रक्त पातळ करणारी, बीपीची, शुगरची, वैद्यांची पुडी, सगळी. आणि शेवटी एक वाक्य: मला काय करता यायला हवं आहे? नातवाला उचलायचं आहे, दोन तास बसून शिकवायचं आहे, टेकडी गणेशाच्या पायऱ्या चढायच्या आहेत. 'दुखणं शून्य व्हावं' हे ध्येय जुनाट आजारात बहुतेकांच्या हाती लागत नाही. पायऱ्या चढणं लागू शकतं, आणि उपचार फळले की नाही हे मोजायला तीच पट्टी लागते.

क्लिनिकमध्ये मुख्य डॉक्टर बहुधा भूलशास्त्रातून आलेले असतात, कारण नस सुन्न करण्याची विद्या मुळात त्यांची. त्यांची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो. तो पाहणं आपला हक्क आहे. त्यांच्याबरोबर फिजिओथेरपिस्ट हवा, आणि तो यंत्र लावून निघून जाणारा नको, व्यायाम शिकवून पुढच्या खेपेला करून दाखवायला लावणारा हवा. मशीनखाली पडून शेक घेतला की बरं वाटतं, पण कंबर मजबूत होते ती रोजच्या व्यायामाने.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं की घरात कुजबुज सुरू होते: म्हणजे दुखणं मनाचंच आहे तर. असं मुळीच नाही. वर्षभर दुखलेल्या माणसाची झोप जाते, तो चिडतो, हालचालीला भितो, पडून राहतो, स्नायू सैल पडतात आणि मग आणखी दुखतं. हे चक्र मधूनच कुठेतरी तोडायचं असतं. समुपदेशक काय करतो तर तुमचा दिवस तुमच्यासमोर मांडतो. दिवाळीआधी बरं वाटतंय म्हणून एका दिवसात चकल्या, शंकरपाळे आणि माळ्यावरची भांडी उरकायची आणि मग तीन दिवस अंथरुणात काढायचे, ही सवय मोडायला तो शिकवतो. वीस मिनिटं उभं राहिल्यावर कळ येत असेल तर बारा मिनिटांना बसायचं. कळ येण्याआधी, आल्यावर नाही. दर आठवड्याला मिनिट-दोन मिनिटं वाढवायची. 'नाटक करते' म्हणणाऱ्या सासूला किंवा नवऱ्याला एकदा बरोबर न्यावं. तेच वाक्य डॉक्टरसमोर म्हणायला जीभ सहसा रेटत नाही, आणि तिथे ऐकलेलं घरी टिकतं.

इंजेक्शनांबद्दल थोडं सविस्तर. ती निरुपयोगी नाहीत. पायात उतरणाऱ्या ताज्या सायटिकात मणक्याजवळ दिलेलं स्टिरॉइड काही आठवड्यांचा आराम देऊ शकतं आणि तेवढ्यात व्यायाम सुरू करता येतो. मणक्याच्या छोट्या सांध्यांच्या दुखण्यात आधी फक्त भूल देऊन पाहतात. तेवढ्यापुरतं दुखणं गेलं तरच ती बारीक नस रेडिओ लहरींच्या उष्णतेने निकामी करण्यात अर्थ असतो. ही चाचणी न करता थेट मोठी प्रक्रिया सुचवली तर का, ते विचारा. सुई सी-आर्म या एक्स-रे यंत्रात किंवा सोनोग्राफीत पाहून घालणार ना, हेही विचारा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांनी सांगावं, स्वतः ठरवू नये. मधुमेह असेल तर स्टिरॉइडनंतर काही दिवस साखर वर जाते, तेव्हा घरी मोजत राहा. गुडघ्यात स्वतःच्याच रक्तातलं पीआरपी टोचण्याची सध्या मोठी जाहिरात असते. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या झिजेच्या २८८ रुग्णांवर ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी ताडून पाहिलं, तेव्हा वर्षाअखेर दुखण्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नव्हता. तेवढ्याच पैशांत बरेच महिने चांगली फिजिओथेरपी होते.

गोळ्यांचा घोळ मात्र आपण घरीच घालतो. मेडिकल स्टोअरवाल्याने दिलेली पट्टी, शेजाऱ्याने सुचवलेली पट्टी आणि डॉक्टरची पट्टी, तिन्हींवर नावं वेगळी आणि आत डायक्लोफिनॅक किंवा अॅसिक्लोफिनॅक एकच. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. नागपूरकरांनी तर मे महिन्यात जास्तच जपायला हवं. पारा ४५ वर, अंगातलं पाणी कमी झालेलं, बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि त्यात हे वेदनाशामक. मूत्रपिंडावर एकदम ताण येतो. अशा दिवसांत कोणतं चालेल ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. 'आठ दिवसांत सांधे मोकळे' करणाऱ्या बिननावाच्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. चेहरा गोल व्हायला लागला, साखर वाढली, की ती पुडी डॉक्टरांपुढे ठेवा. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं.

विदर्भातल्या दुखण्याबद्दल लिहायचं आणि सिकलसेल वगळायचं, हे बरोबर होणार नाही. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि खुद्द नागपुरातल्या कितीतरी घरांत, आदिवासींत आणि इतर काही समाजांतही, हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत असह्य कळा उठतात. हे तीव्र आणि जुनाट दोन्ही प्रकारचं दुखणं एकाच शरीरात. म्हणूनच खऱ्या अर्थाने अनेक शाखांची गरज कुणाला असेल तर या रुग्णाला: रक्ततज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ, खुब्याचं हाड सुकायला लागलं तर अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक आणि पेन क्लिनिक.

घरच्यांनी काय सांभाळायचं? पाणी, ऊब आणि ताप. उन्हाळ्यात पाण्याची बाटली शाळेत वर्गात ठेवू द्या आणि लघवीला मधेच जाऊ द्या, असं बाईंना लिहून द्या. रात्री डेझर्ट कूलरच्या थेट झोतासमोर मुलाला झोपवू नका. ओला गार वारा कळांना निमंत्रण देऊ शकतो. दुखऱ्या जागी बर्फ तर अजिबात नको, कोमट शेक चालतो. बाकी सगळ्या मुरगळण्यांत बर्फ लावायची आपल्याला सवय असते, इथे मात्र ती उलट पडते. कळ सुरू झाली की भरपूर पाणी, पांघरूण आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी.

ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखून धाप लागली, शरीराची एक बाजू ढिली पडली, लहान मूल अचानक पांढरंफटक पडून पोट फुगलं, तर घरी थांबू नका. आणखी एक गोष्ट मुलगे लाजून सांगत नाहीत: लिंगाला तासन्‌तास टिकणारा दुखरा ताठरपणा. चार तासांच्या आत रुग्णालयात पोचायला हवं. वयात येणाऱ्या मुलाला हे बापाने किंवा काकाने आधीच सांगून ठेवावं.

रुग्णालयात गेल्यावर या रुग्णांना एक अपमान नेहमीचा असतो. चेहरा फार वेडावाकडा होत नाही, जखम दिसत नाही, आणि मुलगा नेमकं औषधाचं नाव घेऊन ते मागतो. मग त्याला नशा लागल्याचा संशय घेतला जातो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये सांगितलं आहे की सिकलसेलच्या कळा घेऊन आलेल्या रुग्णाला ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक मिळायला हवं. आपल्याकडे गर्दीत हे नेहमी जमेल असं नाही, पण त्यासाठी एक सोपा उपाय आहे. बरं असताना पेन क्लिनिकमधून किंवा सिकलसेल ओपीडीतून एक पान लिहून घ्या: निदान, वजन, नेहमीचं हिमोग्लोबिन, मागच्या वेळी कोणत्या औषधाच्या किती मात्रेने आराम पडला, काय चाललं नाही. खाली सही-शिक्का. ते पान प्लास्टिकमध्ये घालून रुग्णाच्या जवळच ठेवा. अपरात्री ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला ते मिळालं की संशयाला जागा उरत नाही.

कळा येऊच नयेत यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे, आणि तिथे नागपूरचं काम अभिमानाचं आहे. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम रोज देऊन पाहिलं, तुलनेसाठी दुसऱ्या गटाला औषध नसलेली कॅप्सूल दिली. औषध घेणाऱ्या मुलांच्या कळा, रक्त चढवण्याच्या वेळा आणि भरती होणं बरंच कमी झालं. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि तपासण्यांचा कमी जाच, म्हणून आपल्याला ते महत्त्वाचं. कॅप्सूल रोज घ्यायची, कळ आली तेव्हाच नव्हे. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करायची. आणि मूल होऊ द्यायचा विचार असेल तर नवरा-बायको दोघांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

आणखी दोन दुखण्यांत वेळ दवडून चालत नाही. कुशीला किंवा कपाळावर एका बाजूला जळजळ होऊन पुरळ उठली, म्हणजे नागीण. तिच्यावर काव लावून, उतरवून घेण्यात दिवस घालवू नका. ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर आजार लवकर आटोक्यात येतो. ती वेटोळं घालून तोंड-शेपूट मिळवते वगैरे खरं नाही, पण पुरळ गेल्यावर महिनोन्‌महिने राहणारी आग मात्र अगदी खरी असते, आणि त्या आगीसाठी साध्या वेदनाशामकांऐवजी नसांवर काम करणारी औषधं लागतात. दुसरं म्हणजे गालात विजेसारखी चमक, तोंड धुताना किंवा वाऱ्याने येणारी. दात काढत जाण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. कार्बामाझेपिनने अनेकांना आराम पडतो. अंगावर चट्टे उठले तर ते औषध थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा.

कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे दचकतात. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात बदल करून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं केलं गेलं, ते याच रुग्णांसाठी. तुमच्या कर्करोग रुग्णालयात वेदनाशमन किंवा पॅलिएटिव्ह विभाग आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. मॉर्फिन सुरू झालं की बद्धकोष्ठतेचं औषध बरोबरच हवं. ते लिहून द्यायचं राहिलं असेल तर मागून घ्या.

खाजगी क्लिनिक परवडत नसेल तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांत बधिरीकरणशास्त्र (भूल) विभागात जाऊन पेन ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारा. केस पेपरच्या खिडकीवर नेमकं उत्तर मिळेलच असं नाही. भरती व्हावं लागणार असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्राला आधी भेटा.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तोच कागद काढा. किती मिनिटं उभं राहता येतं, किती तास झोप होते, महिन्याला गोळ्या किती लागतात, हे आकडे पहिल्या पंधरवड्याशी ताडून पाहा. प्रीगॅबालिनसारखी नसांवरची औषधं चालू असतील आणि फरक नसेल तरी ती स्वतःहून एकदम सोडू नका, हळूहळू कमी करून घ्या. आणि गुंगी येत असेल तोवर दुचाकी बाजूला ठेवा. एक इंजेक्शन घेऊन काही झालं नाही, दुसऱ्याने चार दिवस बरं वाटलं, आणि आता तिसरं सुचवलं जातंय, अशा वेळी सही करण्याआधी विचारा: यातून वेगळं काय होणार आहे, आणि फिजिओथेरपिस्टचं यावर काय म्हणणं आहे?